पत्नीपासून लपवलेले मेसेज आणि मत्तय ५:२८: पवित्र शास्त्र नेमके काय करायला सांगते?

प्रश्न: बसचा प्रवासी, वडगाव शेरी

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

माझे वय ३६ आहे, लग्नाला ९ वर्षे झाली आहेत आणि आम्हाला ६ वर्षांची मुलगी आहे. नोकरीसाठी मी रोज कंपनीच्या बसने हिंजवडीला जातो. शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या या प्रवासाला दीड तास लागतो आणि पावसाळ्यात दोन तासही लागतात. गेल्या जूनपासून माझ्याच टीममधील एक सहकारी बसमध्ये शेजारी बसू लागली. आधी कामाचे बोलणे, मग घरचे, मग रात्री जेवणानंतरचे मेसेज, असे होत होत आता सकाळी कपाटातून शर्ट काढतानाही मी तिचा विचार करून काढतो. तीही विवाहित आहे. आमच्यात स्पर्श किंवा उघड कबुली असे काहीही घडलेले नाही आणि याच एका वाक्याचा आधार घेऊन मी इतके महिने स्वतःची समजूत घालत आलो आहे.

जेवताना मी फोन ताटाशेजारी पालथा ठेवतो. मागच्या आठवड्यात मुलीने सहज विचारले, “बाबा, तुमचा फोन रोज पालथा का झोपतो?” पत्नी आमटी वाढत होती. तिने वर पाहिले नाही, पण तिच्या हातातील पळी क्षणभर थांबली. त्या रात्री मला झोप आली नाही.

स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, असे प्रभू येशूने सांगितले आहे. ते खरे असेल, तर मी आधीच दोषी आहे. मग आता स्वतःला आवरले काय आणि न आवरले काय, त्यात फरक कोणता उरतो, असा विचार मनात येतो आणि त्या विचाराचीच मला भीती वाटते. रोज सकाळी मी ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’, म्हणजे मोहात पडू देऊ नको, अशी प्रार्थना करतो आणि अर्ध्या तासाने त्याच बसमध्ये त्याच आसनावर जाऊन बसतो. पत्नीला हे सांगावे की न सांगता आपणच थांबवावे, हेही कळत नाही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दोन्ही घरची माणसे सर्वांच्या ओळखीची असल्यामुळे तेथे बोलण्याचे धैर्य होत नाही. शास्त्राचा आधार देऊन कोणी सांगू शकेल का?

उत्तर: सेवानिवृत्त पाळक, गुरुवार पेठ

बंधू, तुम्ही प्रश्न अर्धवट झाकून न ठेवता मांडला, याचे मला समाधान वाटले. तुम्ही ज्या वचनाने सुरुवात केली, तेथूनच मीही सुरुवात करतो, कारण या वचनाचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे कित्येक प्रामाणिक माणसे एकतर निराश झालेली किंवा बेफिकीर झालेली मी पाहिली आहेत.

मत्तय ५:२८ च्या मूळ ग्रीक वाक्यात नुसते ‘पाहणे’ नाही, तर ‘अभिलाषा धरण्यासाठी पाहणे’ अशी रचना आहे. नजर पडणे, एखादी व्यक्ती सुंदर वाटणे, तिच्याशी बोलून बरे वाटणे, एवढ्यावर प्रभूने दोष ठेवलेला नाही; ती इच्छा मनात पोसण्यासाठी नजर मुद्दाम पुन्हा वळवणे, याविषयी तो बोलत आहे. ‘अभिलाषा’ या अर्थाचा जो शब्द तेथे आहे, त्याच घराण्यातील शब्द लूक २२:१५ मध्ये प्रभूने स्वतःविषयी वापरला आहे, शिष्यांसोबत वल्हांडण या यहुदी सणाचे भोजन करण्याची आपल्याला उत्कट इच्छा होती असे सांगताना. म्हणजे इच्छा मुळातच घाणेरडी आहे, असे शास्त्र म्हणत नाही. ती कोणाच्या दिशेने धावते आणि आपण तिला कसे खाऊ घालतो, हा प्रश्न आहे. दहाव्या आज्ञेच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही हेच क्रियापद आहे: शेजाऱ्याच्या पत्नीचा लोभ धरू नको. डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सातवी आज्ञा (व्यभिचार करू नको) दहाव्या आज्ञेच्या उजेडात वाचली, असे मला वाटते.

आता ‘दोषी आहेच, तर फरक काय’ या विचाराकडे येऊ. हा विचार शास्त्रातून आलेला नाही, मोहाने तुमच्या तोंडी घातलेला आहे. याकोब १:१४-१५ मध्ये वासना, गर्भधारणा, जन्म, वाढ आणि शेवटी मरण असा क्रम दिला आहे. क्रम आहे याचा अर्थ मध्ये वेळ आहे आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस थांबू शकतो. दावीद राजाची गोष्ट २ शमुवेल ११ मध्ये पुन्हा हळूहळू वाचा. राजे लढाईला निघतात त्या ऋतूत तो यरुशलेमेत राहिला, संध्याकाळी गच्चीवर फिरताना त्याने एका स्त्रीला पाहिले, मग तिच्याविषयी चौकशी केली. त्याला स्पष्ट सांगण्यात आले की ती अलीयामाची मुलगी आणि उरीयाची पत्नी आहे. एका स्त्रीला बाप आहे, नवरा आहे, नाव आहे, हे कानावर पडल्यानंतरही त्याने माणसे पाठवली. गच्चीवरून खाली उतरण्याची संधी त्याला त्या उत्तरानेच दिली होती. तुम्हाला ती संधी मुलीच्या प्रश्नाने मिळाली आहे.

मिसरात पोटीफराच्या घरी गुलाम असलेल्या योसेफाने काय केले? उत्पत्ती ३९:१० मध्ये एक बारीक तपशील आहे, ज्यावर उपदेशात सहसा कोणी थांबत नाही. पोटीफराची पत्नी रोज त्याच्याशी बोलत असे, पण तो तिच्यापाशी निजायला किंवा तिच्याजवळ राहायलाही तयार झाला नाही. ‘जवळ राहणे’ त्याने आधीच नाकारले होते; वस्त्र तिच्या हातात सोडून पळण्याचा दिवस नंतर आला. सैतानाला अडवा, म्हणजे तो पळेल, असे याकोब ४:७ सांगते. पण जारकर्माच्या बाबतीत १ करिंथ ६:१८ मध्ये प्रेषित पौल पळण्याची आज्ञा आपल्यालाच देतो. तेथे उभे राहून झुंज द्यायला तो सांगत नाही. तुम्ही सकाळी प्रार्थना करता, ते योग्यच आहे. परंतु १ करिंथ १०:१३ मध्ये देव परीक्षेबरोबर ‘निभावण्याचा उपाय’ही देतो असे जे म्हटले आहे, तो उपाय तुमच्या बाबतीत बसचे दुसरे आसन, दुसरी वेळ किंवा दुसरी बस एवढा साधा असू शकतो. योसेफाला त्या पळण्याची किंमत तुरुंगात राहून मोजावी लागली, तेव्हा तुम्हालाही काहीच गमवावे लागणार नाही, असे मी म्हणत नाही.

नीतिसूत्रांच्या ५ व्या अध्यायाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. माझे बालपण पंचहौदाच्या परिसरात गेले आणि पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पेठांमधल्या हौदांना पाणी येत असे, हे वडील आम्हाला पुष्कळदा सांगत. ‘आपल्याच टाक्यातले पाणी पी’ हे वचन वाचले की मला तेच हौद आठवतात. बायबलमधल्या त्या देशात टाके खडकात खोदून आतून चुन्याचा गिलावा देत, हिवाळ्यातील पावसाचे पाणी त्यात साठवत आणि उन्हाळाभर ते पुरवत. गिलाव्याला चीर गेली तर पाणी झिरपून जाई. यिर्मया २:१३ मध्ये पाणी न राहणाऱ्या फुटक्या टाक्यांचा उल्लेख आहे, तो याच अनुभवातून आलेला आहे. तेव्हा ‘आपले टाके’ म्हणजे फक्त मालकी नव्हे. गाळ काढणे, गिलावा पाहणे, पाऊस येईल तेव्हा साठवून ठेवणे हे सारे त्यात आले. याच अध्यायात, तरुणपणीच्या पत्नीच्या प्रेमात धुंद हो, असे अगदी मोकळेपणाने म्हटले आहे. तेथील इब्री क्रियापद १९, २० आणि २३ या तिन्ही वचनांत येते: पत्नीच्या प्रेमात धुंद होणे, परस्त्रीच्या नादी लागून भरकटणे आणि मूर्खपणात वाट चुकणे. लेखकाने एकच शब्द तीनदा योजला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण माणूस कशात तरी धुंद होणारच, हे तो गृहीत धरतो.

म्हणून तुम्हाला विचारतो, आणि याचे उत्तर येथे देऊ नका: दीड तास त्या सहकारी स्त्रीला तुम्ही ज्या गोष्टी सांगता, त्यांपैकी कोणती गोष्ट गेल्या वर्षभरात तुम्ही पत्नीला सांगितली?

उत्तर: एक गृहिणी, पिंपरी

भाऊ, मी तुमच्या पत्नीच्या जागी राहून आलेली आहे, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी, उपासनेहून आल्यावर मी मेथी निवडत बसले होते. माझे पती समोर बसले, त्यांनी माझ्या हातातील जुडी काढून बाजूला ठेवली आणि त्यांना जे सांगायचे होते ते सांगितले. त्यांचीही गोष्ट तुमच्यासारखीच ‘काहीही घडले नाही’ अशा टप्प्यावरची होती. मला त्या वेळी राग आला, रडू आले, आणि दोन महिने मी त्यांच्याशी कामापुरतेच बोलले. परंतु आज मागे वळून पाहताना एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकते: मला ते त्यांच्या तोंडून कळले, फोनवरून किंवा शेजारणीकडून कळले नाही, म्हणून त्यांच्यावर पुन्हा विश्वास ठेवायला मला काहीतरी जागा राहिली. तुमच्या पत्नीची पळी थांबली, असे तुम्ही लिहिले आहे. तिला तपशील माहीत नसेल, पण काही माहीतच नाही असे समजू नका.

पाळकसाहेबांनी शास्त्र उत्तम समजावले आहे. त्याला माझी एक जोड आहे. मत्तय ५:२८ मध्ये प्रभूने दोष पाहणाऱ्याच्या नजरेला दिला आहे, जिच्याकडे पाहिले तिला दिलेला नाही. पुढच्या वचनात तो पाहणाऱ्यालाच स्वतःचा उजवा डोळा उपटून टाकायला सांगतो. स्त्रीने काय नेसावे आणि कोठे बसावे, याविषयी तेथे अक्षरही नाही. आमच्या तरुणपणी मंडळीतील मुलींना याच वचनाच्या नावाने पोशाखावरून बोलले जाई, हे मला अजून टोचते. म्हणून त्या सहकारी स्त्रीला नीतिसूत्रे ७ मधील, तरुणाला भुलवणारी परस्त्री ठरवू नका. तिचेही घर आहे, तिचाही कोणीतरी नवरा संध्याकाळी तिची वाट पाहत असेल. तिच्यापासून दूर होताना तिचा अपमान होणार नाही आणि ‘मोह तिने घातला’ अशी गोष्ट पुढे कोणापाशी निघणार नाही, याची काळजी घेणे हेही तुमच्याच प्रामाणिकपणात येते.

आणि कृपा करून ‘घरी लक्ष मिळत नव्हते’ हे वाक्य पत्नीसमोर उच्चारू नका. ते खरे असले तरी त्याची वेळ फार नंतर येते. माझ्या पतींनी ते त्या दिवशी उच्चारले नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. सहा-सात महिन्यांनी मीच त्यांना विचारले की मी कोठे कमी पडत होते का, आणि तेव्हा आम्ही दोघे खूप वेळ बोललो.

मलाखी २:१४ मध्ये परमेश्वर तुझ्या आणि तुझ्या तरुणपणीच्या पत्नीच्या मध्ये साक्षी आहे, असे म्हटले आहे. लग्नाच्या दिवशी साक्षीदारांच्या सह्या होतात आणि लोक जेवून घरी जातात. हा एक साक्षीदार मात्र घरी जात नाही, ही गोष्ट मला त्या कठीण दिवसांत भीतीची वाटली नाही, आधाराची वाटली.

उत्तर: वकील, शिवाजीनगर

तुमच्या प्रश्नात कायद्याचा संबंध कोठेही येत नाही. तरीही एक गोष्ट मांडावीशी वाटते. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ नुसार व्यभिचाराचा गुन्हा फक्त परपुरुषावर नोंदवला जात असे आणि पतीची संमती असेल तर तो गुन्हाच ठरत नसे; म्हणजे पत्नी ही पतीची मालमत्ता, असाच त्यामागचा विचार होता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही २००१ च्या दुरुस्तीपर्यंत पतीला केवळ पत्नीचा व्यभिचार दाखवणे पुरेसे असे, पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी काही सिद्ध करावे लागे.

या पार्श्वभूमीवर १ करिंथ ७:४ वाचले की मी दरवेळी थांबतो. पत्नीच्या शरीरावर पतीचा अधिकार आहे, एवढेच पौल म्हणाला असता, तर त्या काळात कोणाला नवल वाटले नसते. त्याने लगेच, त्याच शब्दांत, पतीच्या शरीरावर पत्नीचा अधिकार आहे, असे लिहिले. आपल्या कायद्याला ही बरोबरी गाठायला २००१ आणि २०१८ उजाडावे लागले. व्यभिचार आज फौजदारी गुन्हा नाही, पण घटस्फोटाचे कारण आहेच. आणि तुमची आजची स्थिती यांपैकी कशातच बसत नाही. न्यायालय विचारू शकत नाही, असा हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारला आहे.

उत्तर: समुपदेशनाचे काम करणारे मंडळीचे एक वडील (ज्येष्ठ सेवक), लष्कर भाग

पिंपरीच्या ताईंचा अनुभव मोलाचा आहे, मात्र एका मुद्द्यावर मी थोडा वेगळा विचार करतो. कबुलीची घाई करणाऱ्या पुष्कळ पुरुषांना खरे तर स्वतःच्या मनावरचे ओझे उतरवायचे असते आणि ते पत्नीच्या खांद्यावर टाकून ते मोकळे होतात. शिवाय कबुली दिल्यावरही बस तीच आणि मेसेज तेच राहिले, तर पत्नीची दुहेरी फसवणूक होते. म्हणून माझे सांगणे असे की आधी थांबा, मग सांगा. त्या सहकारी स्त्रीला थोडक्या शब्दांत, सभ्यपणे, कामाव्यतिरिक्तचे बोलणे आपण बंद करत आहोत, एवढेच लिहा. त्यावर लांब चर्चा करू नका, कारण निरोपाची चर्चा हीच बहुधा नवी सुरुवात ठरते. दुसऱ्या मंडळीतील एखादा विश्वासू पाळक किंवा वयाने मोठा विवाहित मित्र शोधून याकोब ५:१६ प्रमाणे त्याच्याजवळ पाप कबूल करा आणि त्याला दर आठवड्याला तुम्हाला विचारण्याचा अधिकार द्या. त्यानंतर पत्नीशी बोला. तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर द्या, पण तिने न विचारलेली वर्णने करू नका.

ईयोब ३१:१ मध्ये ईयोबाने आपल्या डोळ्यांशी करार केल्याचे सांगितले आहे. मलाखीत पत्नीला ‘कराराची पत्नी’ म्हणताना इब्रीत हाच ‘करार’ शब्द आहे. लग्नाचा करार पाळण्यासाठी डोळ्यांशीही करार करावा लागतो, असे मी माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांना सांगतो.

उत्तर: एक गृहिणी, पिंपरी

वडिलांचे म्हणणे मला पटते, फक्त ‘आधी थांबा’ या टप्प्याला आठ दिवसांपेक्षा जास्त लावू नका. माणूस तयारी करत करत सांगायचे टाळतो, हे मी घरी पाहिले आहे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: बसचा प्रवासी, वडगाव शेरी

सर्वांचा मनापासून ऋणी आहे. पाळकसाहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी येथे देत नाही, पण ते ‘एकही नाही’ असे होते, हे लपवूनही उपयोग नाही.

मागच्या सोमवारपासून मी कंपनीची बस सोडली आहे. रामवाडीहून मेट्रोने न्यायालयाच्या स्थानकापर्यंत आणि तेथून पीएमपीच्या बसने हिंजवडी, असा प्रवास करतो. वेळ जास्त लागतो आणि उभे राहावे लागते. सहकारी स्त्रीला दोन ओळींचा मेसेज लिहिला. तिचे उत्तर एका शब्दाचे आले, “ठीक.” ते वाचून मला सुटल्यासारखे वाटले आणि वाईटही वाटले, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत म्हणून लिहितो.

शनिवारी मुलगी झोपल्यावर पत्नीला सांगितले. तिने दोनच प्रश्न विचारले: केव्हापासून, आणि मुलीने विचारले त्या दिवशी फोनवर तिचाच मेसेज होता का. मी दोन्हींची खरी उत्तरे दिली. त्यानंतर ती उठली, ओटा पुसला, दुसऱ्या दिवसाच्या डब्यासाठी मटकी भिजत घातली आणि मुलीच्या खोलीत जाऊन झोपली. रविवारी आम्ही तिघे उपासनेला गेलो आणि ती नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी बसली, पण घरी आल्यावर तिने सांगितले की तिला काही दिवस आईकडे राहायचे आहे. मी अडवले नाही. ताई, तुम्ही लिहिलेले ते एक वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले.

ती बुधवारी नगरला जाईल. बसस्थानकापर्यंत सोडायला येऊ का, असे विचारले, तेव्हा ती “ये” म्हणाली.